आतकाय मॅडम

मुलाणी मॅडमना बंद वस्तू दिसली की राहवत नसे. क्लासमध्ये कुणी पेढ्यांचा पुडा घेऊन आलं की "आत काय?" कुणाचं टपाल आलं की "आत काय?" पेढे आहेत, एवढ्या उत्तराने त्यांचं समाधान होत नसे. किती आहेत, कुणाचे आहेत, पास कोण झालं आणि कितव्या खेपेला झालं, इथपर्यंत त्या पोचायच्या आणि मग एक पेढा उचलायच्या. कॉम्प्युटरसमोर बसलेल्याच्या पाठीमागे त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळायचं नाही. खांद्यावरून एक बोट पडद्याकडे यायचं आणि कानाशी आवाज यायचा, "ह्याच्या आत काय?" सांगितलं तर, "बरं. आणि त्याच्या आत?" भोरच्या पोरांनी त्यांचं नाव आतकाय मॅडम ठेवलं ते यामुळे. त्यांच्या ते कानावर गेलं होतं. "ठेवा की," म्हणाल्या, "काही खोटं न्हाई त्यात."

आज भोरच्या एसटी स्टँडवर त्यांची चौकशी केली तर उत्तर येतं, "त्या व्हय? पोरींच्या यादीचा घोळ केलेल्या?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. ज्या गावाच्या दोन पिढ्यांना या बाईने कॉम्प्युटरचं बटण कुठे असतं ते दाखवलं, त्या गावाने तिची आठवण ठेवली ती एका घोळासाठी, आणि तो घोळही तिने केलेला नाही. रागावण्याचा मला सगळ्यांत कमी अधिकार आहे, हे मला माहीत आहे. तरी मी रागावणार आहे.

त्यांचा क्लास स्टँडजवळ एका पिठाच्या गिरणीच्या वर होता. खाली दळण सुरू झालं की वर टेबलं थरथरायची. सहा कॉम्प्युटर, त्यातले दोन कायम दुरुस्तीला काढलेले, आणि सगळ्यांवर ज्वारीच्या पिठाचा पातळ थर. रोज सकाळी मॅडम स्वतः ओढणीचा पदर खोचून कीबोर्ड पालथे करून झटकायच्या. मी आंबवड्याहून पहिल्या एसटीने यायचे, बी.कॉम. होऊन घरी बसले होते, म्हणून आधी शिकायला आणि मग त्यांच्या हाताखाली शिकवायला लागले. क्लासला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना शिकायचं नसायचंच. त्यांना हवं असायचं नोकरीच्या अर्जाला जोडायचं सर्टिफिकेट. एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, शिकवायची तसदी घेऊ नका, फक्त सर्टिफिकेटचं बघा." मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, "सर्टिफिकेटच्या आत काय लिहू? पोरगं आलं न्हाई, असं लिहू का?" ते गृहस्थ उठून गेले आणि गावभर सांगत सुटले की बाई फार शिष्ट आहे.

अशा माणसांमध्ये राहून त्यांना रुबी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं वेड लागलं. त्यांचा भाचा पुण्यात एका कंपनीत होता. त्याने एकदा सुट्टीत येताना एक सीडी आणि छापलेल्या पानांचा गठ्ठा आणला. ते दिवस भारनियमनाचे, दिवसाचे सहा-सहा तास वीज नसायची. मॅडम त्या काळात खिडकीशी बसून ती पानं वाचायच्या आणि वीज आली की धावत जाऊन करून बघायच्या. महिन्याभराने त्यांनी आम्हा चौघांना निवडलं आणि रविवारची बॅच सुरू केली. सगळे हसले. रुबी म्हणजे अंगठीतला खडा का, असं एकाने विचारलं. भोरात बसून असल्या भाषा शिकून काय भाताची खाचरं लावायची आहेत का, असं दुसऱ्याने. मी हे विसरलेले नाही. त्या बॅचच्या चौघांपैकी तिघं आज त्याच भाषेवर पोट भरतोय, आणि विचारणारे दोघेही आपल्या नातवंडांच्या नोकरीसाठी मला फोन करून गेलेले आहेत.

शिकवण्यासाठी मॅडमनी काढल्या लग्नपत्रिका. एक कापडी पिशवी भरून जुन्या पत्रिका त्यांनी साठवल्या होत्या. आमच्याकडची पत्रिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. वर वराचं नाव, त्याचे आजोबा, वडील, चुलते. मग वधू आणि तिची माणसं. मग मुहूर्त, स्थळ, निमंत्रक, व्यवस्थापक, आणि तळाला 'किलबिल' म्हणून घरातल्या पोरासोरांची रांग. ही रांग म्हणजे ॲरे, मॅडम म्हणायच्या. रांगेतल्याला नंबराने हाक मारायची, आणि मोजायचं शून्यापासून. "पंगतीतला पहिला माणूस शून्य नंबरच्या पाटावर बसतो, हे एकदा डोक्यात बसवा, मग भांडणं न्हाईत." आणि जिथे 'मुहूर्त' म्हटलं की वेळ मिळते, 'स्थळ' म्हटलं की जागा मिळते, म्हणजे नावाने विचारलं की उत्तर येतं, ते हॅश. मग हॅशच्या आत ॲरे, त्या ॲरेच्या आत पुन्हा हॅश. पत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर त्या चौकटीत चौकट काढायला लावायच्या आणि सांगायच्या, "वराच्या धाकट्या चुलत्याचं तिसरं पोर काढून दाखवा." आम्ही बाहेरून आत, आतून आणखी आत, कंस मोजत जायचो.

एक पत्रिका मात्र त्यांनी फळ्यावर चिकटवून ठेवली होती. तीत 'प्रमुख उपस्थिती'खाली एवढे पुढारी होते की वाचणाऱ्याला धाप लागावी. वधूचं नाव कोपऱ्यात बारीक टाइपात. "एवढ्या रांगेत जिचं लगीन हाय ती कुठं हाय?" मॅडम विचारायच्या. दर नव्या बॅचला विचारायच्या, आणि दर वेळी तितक्याच चिडायच्या. मला आधी ते विनोदी वाटायचं. पुढे वाटेनासं झालं.

त्यांचा सगळ्यांत मोठा राग होता न बघता आत हात घालण्यावर. जे घर यादीत नाहीच, त्या घरातली माणसं विचारली की रुबी भांडायला उठते आणि पडद्यावर निल असा शब्द टाकते, म्हणजे इथे काहीच नाही. शिकाऊ माणसाला दिवसातून वीसदा हे दिसतं. मॅडम म्हणायच्या, "अगं, घरच न्हाई तिथं, आणि तू चुलीपाशी कुठं चाललीस? आधी दार हाय का बघ." एकदा आमच्यातल्या एकाने गावांची यादी करताना प्रत्येक वाडीला एक रिकामी रांग द्यायची म्हणून एकच रांग सगळ्यांना देऊन ठेवली. मग ज्या वाडीला विचारावं ती सगळ्या तालुक्याची नावं सांगायला लागली. तो घामाघूम झाला. मॅडमनी तासभर काही सांगितलं नाही, आणि शेवटी म्हणाल्या, "सगळ्यांना एकाच ताटात वाढलंस. प्रत्येकाला येगळं ताट मांड." एवढं वाक्य माझ्या आजच्या कंपनीतल्या भल्याभल्यांना सांगावं लागतं.

फ्लॅटन त्यांनी सगळ्यांत शेवटी शिकवलं, आणि तेही नाखुशीने. फ्लॅटन म्हणजे आतले सगळे कप्पे मोडून नावांची एकच सरळ रांग करणारी आज्ञा. तिच्या जोडीला युनिक, म्हणजे रांगेत तेच नाव पुन्हा आलं की ते काढून टाकणारी. दोन्ही शब्द एका ओळीत बसतात आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत काम होतं. "सोपं हाय म्हणून शिकवते," मॅडम म्हणाल्या, "पण मोडायच्या आधी मला विचारत जा."

आता यादीकडे येते. पुण्याच्या एका संस्थेने भोरला मुलींचं वसतिगृह बांधलं. भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरातल्या मुली सातवी झाली की घरी बसायच्या, कारण पुढची शाळा लांब आणि एसटी रस्त्यापर्यंतच. वसतिगृहात राहिल्या तर आठवीपासून भोरला शिकता येईल. अशा मुली कोण, किती, कुठल्या, याची यादी संस्थेला हवी होती. संस्थेचे साहेब ती कचेरीत बसून कुणाकडून तरी लिहून घेणार होते. मॅडमना हे कळलं तेव्हा त्या स्वतः त्यांच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "मी करून देते. फुकट." सहा रविवार आमची बॅच बंद राहिली. मॅडमचे यजमान टेम्पो चालवायचे, ते आम्हाला सडकेच्या शेवटापर्यंत सोडायचे आणि तिथून आम्ही चालत वर. वेल्ह्यातल्या पासली गावाच्या वरच्या अंगाला तर एकेका वाडीला दीड-दोन तास लागायचे. मॅडमचं वजन होतं, गुडघे दुखत होते, साखर वाढलेली होती. दर वळणावर त्या दगडावर बसायच्या आणि म्हणायच्या, "चला, झालं माझं," आणि उठायच्या.

घरात गेलं की त्या विचारायच्या, पोरं किती. उत्तर यायचं दोन, तीन. ती सगळी मुलं असायची. मुली मोजायची पद्धतच नव्हती. "आणि आत?" मॅडम विचारायच्या. मग चुलीपाशी बसलेली एखादी बारा-तेरा वर्षांची मुलगी हात पुसत पुढे यायची. अशा एक्केचाळीस मुली निघाल्या. रुबीत ती यादी मॅडमनी स्वतः मांडली. गावाच्या आत वाडी, वाडीच्या आत घर, घराच्या आत मुलगी. त्या वेळी आमच्या कॉम्प्युटरवर मराठी अक्षरं नीट यायची नाहीत, म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत. एवढी सुंदर यादी मी त्यानंतर पाहिलेली नाही. कुठल्या मुलीच्या शेजारी कुणाचं घर हेसुद्धा तिच्यातून कळायचं.

मे महिन्यात मॅडमच्या सासरी साताऱ्याला मय्यत झाली आणि त्या आणि यजमान दोघंही तिकडे गेले. क्लास माझ्यावर होता. दुपारी साहेबांचा फोन आला. "तुमची ती घरात घर घातलेली यादी आमच्या कामाची नाही. एकाखाली एक सरळ नावं पाठवा. आणि एकही नाव दोनदा आलेलं चालणार नाही, नाहीतर सगळी यादी बोगस धरू. चारच्या आत पाहिजे." मी मॅडमना फोन करू शकले असते. मय्यतीत कसा करायचा, असं मी स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी, की मला एकटीने करून दाखवायचं होतं. फ्लॅटन आणि युनिक, एक ओळ. एक्केचाळीसची चौतीस नावं झाली. टाइप करताना सात नावं दोनदा पडली असतील, असं मला वाटलं. मला आनंद झाला की मी चूक पकडली. समोरच्या सायबर कॅफेत जाऊन मी यादी पाठवून दिली आणि येताना वडापाव खाल्ला.

सहा रविवार त्या वाड्यांवरून चाललेली मी. त्या भागात अख्ख्या गावाचं आडनाव एक असतं, बापाची नावं ठरलेली दहा-बारा, आणि त्या एक-दोन वर्षांत जन्मलेल्या मुलींत पूजा नावाला तोटा नव्हता. खालच्या वाडीत पूजा बबन मोरे होती, टेपावरच्या, म्हणजे उंचवट्यावरच्या वाडीत होती आणि ओढ्यापलीकडच्या वाडीतही होती. तिघींच्या घरी मी पाणी प्यायले होते. वाडी आणि घर काढून टाकलं की त्या तिघींत कॉम्प्युटरला काही फरक दिसत नाही. पण मला दिसायला नको होता का?

शाळा सुरू व्हायच्या आधी वाड्यांवर निरोप धाडून मुलींना वसतिगृहावर बोलावलं. मी तिथे मदतीला होते. पत्र्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन बाप येत होते, काही पहाटेच घर सोडून वेल्हे, नसरापूर करत आलेले. साहेबांच्या माणसाने यादी वाचायला घेतली. "पूजा बबन मोरे" म्हटल्यावर तीन मुली उभ्या राहिल्या.

आधी लोक हसले. साहेब हसले नाहीत. "हा काय प्रकार आहे? एका पोरीच्या नावावर तिघी घुसवायला निघालात का?"

तिघांपैकी एक बबन पुढे झाला. तो टेपावरचा. "साहेब, तीन बबन हाईत, तीन पूजा हाईत. वाड्या बी तीन हाईत. ह्यात आमी काय घुसवलं?"

"यादीत एकच आहे."

"मग यादी चुकली आसंल की."

"यादी कॉम्प्युटरने केलेली आहे," साहेब म्हणाले. जी सगळ्यांत पुढे उभी होती तिला त्यांनी आत घेतलं. दोघींना बाजूला काढलं. संध्याकाळपर्यंत अशा सात जणी भिंतीशी पेट्यांवर बसून होत्या. या माणसाला एक प्रश्न विचारायचा होता फक्त, बाळ तुझं घर कुठलं. तेवढाही त्याने विचारला नाही. 

कुणीतरी मॅडमना बोलावून आणलं. त्या जवळजवळ पळत आल्या. साहेबांच्या हातातून त्यांनी कागद घेतला, वरून खालपर्यंत वाचला, आणि एकदा माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली. त्यांना सगळं कळलं होतं.

"यादी तुमचीच ना?" साहेबांनी विचारलं.

"हो. माझ्या क्लासची. चूक माझी हाय."

मग साहेब जे बोलले ते त्या सात बापांच्या देखत बोलले. येत नसेल तर कशाला अंगावर घेता, चार बटणं दाबता आली की झाले कॉम्प्युटरवाले, लोकांच्या मुलींशी खेळता.  मग मॅडम म्हणाल्या, "माझं झालं बोलून घेऊन. आता ह्या साती जणी आत घ्या." साहेब म्हणाले, खाटा चौतीस धरल्या होत्या, उरलेल्या दुसरीकडच्या मुलींना देऊन टाकल्या. मी तिथेच उभी होते, हाताच्या अंतरावर. एक वाक्य बोलायचं होतं. ते मी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी दोन्ही याद्या माझ्यासमोर ठेवल्या आणि विचारलं, "कळलं?" मी हो म्हणाले. रडायला लागले. "ऱ्हाऊ दे, रडून खाटा वाढायच्या न्हाईत," म्हणाल्या. मी म्हणाले, साहेबांना जाऊन सांगते की हे मी केलं. त्यांनी दोन्ही याद्या उचलून पिशवीत ठेवल्या. "तुला पुण्याचं बोलावणं आलंय नोकरीचं. भाच्यानंच तुझं नाव दिलंय तिथं. आता ह्यात तुझं नाव नको यायला. माझं काय, मी हितंच राहणार हाय." आणि मी ऐकलं. एरवी त्यांचं प्रत्येक वाक्य उलटून बघायची मला सवय होती, हे वाक्य मात्र मी ताबडतोब मानलं.

दिवाळीपर्यंत मॅडमनी पाच जणींना वसतिगृहात शिरवलं. जमिनीवर गाद्या टाकायला त्यांनी स्वतःच्या घरातल्या नेऊन दिल्या. एकीची सोय नसरापूरला तिच्या मावशीकडे लागली. राहिली एक, टेपावरची पूजा. मॅडम वर गेल्या तेव्हा तिच्या बापाने हात जोडले. "पेटी डोक्यावं घिऊन गेलो, डोक्यावं घिऊन माघारी आलो. समद्या गावानं बघितलं. आता म्या न्हाई धाडायचा." एवढं मॅडमनी मला फोनवर सांगितलं. त्यानंतर मी पूजाचं नाव काढलं नाही, त्यांनीही काढलं नाही.

पुण्यात माझं चांगलं चाललं. मॅडमचं चाललं नाही. यादीची गोष्ट गावात पसरली आणि जितक्या तोंडांतून गेली तितकी वाढली. बाईला स्वतःलाच येत नाही, पोरांना काय शिकवणार, असं ते सर्टिफिकेटवाले गृहस्थ चारचौघांत बोलायला लागले. मुलांची संख्या कमी होत गेली. रविवारची बॅच तर पुढल्याच वर्षी बंद पडली. दोनेक वर्षांनी त्यांनी कॉम्प्युटर विकून क्लास बंद केला आणि दोघं साताऱ्याला राहायला गेले. मी फोन करायचे. त्या माझ्या कामाचं विचारायच्या, खोदून खोदून, पार खालच्या ओळीपर्यंत. एकदा म्हणाल्या, "तुझ्या कंपनीत सगळं सांगतेस ना गं, चुकलं की?" मी हो म्हणाले, आणि ते खरं होतं. कंपनीत मी सगळं सांगायचे.

साखरेने आधी त्यांचा पाय घेतला आणि मग त्यांना. मला कळलं तेव्हा दफन होऊन चार दिवस झाले होते.

त्यानंतर किती वर्षांनी मला धीर आला ते सांगायची लाज वाटते. आता पासलीपर्यंत गाडी जाते. रस्त्याच्या कडेला एक म्हातारे गृहस्थ गुरं घेऊन उभे होते. त्यांना मी विचारलं, बबन मोऱ्यांची पूजा कुठे दिलीय? "कुठली?" त्यांनी लगेच विचारलं. "खालच्या वाडीतली, टेपावरली का वड्यापल्याडली?" टेपावरची म्हटल्यावर त्यांनी काठीने समोरचं घर दाखवलं. साहेबाला जे जमलं नाही, आणि मलाही, ते या माणसाने मोजून एका प्रश्नात केलं.

पूजा ओसरीवर नाचणी पाखडत होती. पंचविशी ओलांडलेली, पदर खोचलेला, एक मुलगा अंगणवाडीत गेलेला. मी भोरच्या क्लासमधली म्हटल्यावर तिने मला बसवलं, चहा टाकला. मॅडम गेल्याचं तिला माहीत नव्हतं. ते सांगितलं तेव्हा तिने सूप खाली ठेवलं.

"तीनदा आल्या व्हत्या त्या माज्यासाठी," ती म्हणाली. "पैल्यांदा आबांशी बोलल्या. मग दोन सालानी आल्या, सतरा नंबरचा फॉर्म घिऊन. घरी बसून दहावी देता येती म्हनाल्या. पुस्तकं बी आनली व्हती पिशवीत. मी बाहीर न्हाई आले. पुन्यांदा आल्या तवा काठी टेकत आल्या. तवा बी न्हाई आले. दाराआडून बघत व्हते."

"का?"

"त्यांनीच आबांना सांगितलं व्हतं ना, चूक माजी हाय म्हनून. माजं नाव ज्या बाईनं काडलं तिच्या हातचा कागुद कशाला घेऊ? लई राग व्हता मला." तिने सांडलेली नाचणी गोळा केली. "पुस्तकं ठिऊन गेल्या. ती आबांनी वान्याला दिली. मग लगीनच झालं."

मग मी तिला सांगितलं. फोन आला तेव्हा मॅडम साताऱ्याला होत्या, यादी मी मोडली, तिचं नाव मी काढलं. मॅडमनी फक्त अंगावर घेतलं. बोलायला मला मिनिटही लागलं नाही.

पूजा रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्याकडे नीट बघितलं, कदाचित तेव्हा माझं वय किती असेल याचा अंदाज घेत असावी.

"मग तुमी तवा का न्हाई आलात?" ती म्हणाली. "येकदा यिऊन येवडं सांगायचं. मी घेतला असता की फॉर्म त्यांच्या हातनं."

तिने माझ्यासमोरचा कप उचलला आणि विसळायला नेला. त्यात अजून चहा होता.